धाकट्याला दिलेले बॉल

३ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. गोल्फ सुधारायचा तर लिहून ठेवलेलं बरं. खरं म्हणजे माझ्या खेळात सुधारण्यासारखं काही नाही. दोष बॉलचा आहे. आज सातव्या होलला बॉल पुन्हा तळ्यात गेला. सलग चौथा रविवार. हेच तळं मी इतकी वर्षं डोळे मिटून पार करत आलोय. स्विंग एकदम फर्स्ट क्लास होता. बॉल वर गेला आणि मध्येच त्याने जीव सोडला.
घरी येऊन खोका उघडला. बारा वर्षांपूर्वी मी रिटायर झालो तेव्हा पेंट कंपनीने दिलेले बॉल. कंपनीचा निळा शिक्का अजून ठसठशीत आहे, पण आतलं रबर मेलंय. निदान झालं. फार हलकं वाटलं.

५ नोव्हेंबर
कारणही सापडलं. खोका माळ्यावर होता, गीझरला चिकटून. बारा वर्षं बॉल शिजत होते. हिला तसं सुनावलं. ही म्हणाली, खोका तुम्हीच चढवला होता, मी फक्त स्टूल धरलं होतं. जुनं उकरून काढायची सवयच आहे तिला.

८ नोव्हेंबर, दुपार
शास्त्रीय चाचणी. एक जुना बॉल आणि वकिलाकडून मागून आणलेला एक नवा, दोन्ही स्वयंपाकघरात डोक्याच्या उंचीवरून सोडले. दोन्ही ओट्याइतकेच उसळले. म्हणजे फरशीत खोट आहे. पुन्हा सोडले. पुन्हा तेच. पुष्कळ वेळा सोडले. खालच्या मजल्यावरची बाई वर आली. हिने तिची माफी मागितली. मी मागितली नाही.

१० नोव्हेंबर
वकील म्हणजे माझा जोडीदार. क्लबच्या जोडी-करंडकात आम्ही दोघं वर्षानुवर्षं एकत्र खेळतो. हॉलमधल्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत आमची नावं तीनदा आहेत. ८ डिसेंबरला चौथ्यांदा लागणार. फळ्यावर जागाही एकच उरली आहे. ती माझी.
आज वकील विचारत होता, तब्येत बरी आहे ना. मी त्याला बॉलचं सांगितलं. तो हं म्हणाला. कोर्टात जन्म गेलेला माणूस, पुराव्याशिवाय तोंड उघडत नाही.

१३ नोव्हेंबर
पुरावा गोळा करायला कोचकडे गेलो. काल-परवा कॉलेजातून बाहेर पडलेली पोरगी. तिला म्हटलं, हा मेलेला बॉल तळ्यापलीकडे घालवून दाखव. तिने घालवला. चांगला लांब गेला. अर्थात वारा मागून होता. मग मी मारला, तेव्हा वारा नेमका पडला.
ती म्हणाली, काका, बॉल ठीक आहे, तुमचा खांदा वळत नाहीये. काका म्हणाली. सेक्रेटरीकडे लेखी तक्रार दिली.

१६ नोव्हेंबर
नवे बॉल आणले. सगळ्यात भारी.
जुने फेकून द्यायचं जिवावर आलं, म्हणून धाकट्याला देऊन टाकले. धाकटा म्हणजे माझा भाऊ. चष्म्याचं दुकान आहे. लहानपणापासून माझं उतरलेलंच वापरत आलाय: शर्ट, बूट, सायकल, आणि आता गोल्फचा सेटसुद्धा. क्लबात त्याला मीच घेतलं. सोमवारी दुकान बंद असतं तेव्हा एकटाच खेळत असतो बिचारा. गेल्या महिन्यात वकिलासमोर त्याचा एक फटका माझ्यापुढे गेला होता. तेव्हापासून जरा हवेत आहे.
बॉल मेलेत हे त्याला सांगितलं नाही. तो म्हणाला, दादा, राहू दे, तुला लागतील. मी म्हटलं, घे रे, तुझ्या खेळाला हे भरपूर झाले. भावजयीने चहाचा कप माझ्यासमोर आपटलाच. भांडी जपायची पद्धत नाही त्या घरात.

१७ नोव्हेंबर
नवा बॉल तळ्यात. मग दुसरा नवा, तोही तळ्यात. नवा बॉल मुरावा लागतो, हे दुकानदार सांगत नाहीत. वकील सारखा घड्याळ बघत होता.

२० नोव्हेंबर
बॉल लोकरी मोज्यात घालून रात्री अंथरुणात घेतो. अंगाची ऊब लागली की मऊ पडतील. ही दुसऱ्या खोलीत झोपायला गेली. जागा प्रशस्त झाली.

२४ नोव्हेंबर
वकील घरी आला. बराच वेळ हवापाण्यावर बोलला. मग म्हणाला, यंदा दुसऱ्या कुणाबरोबर खेळावं म्हणतोय, तुलाही विश्रांती. मी विचारलं, कोण. कपात बघत म्हणाला, तुझा धाकटा.
ही आतून बाहेर आली आणि पुन्हा आत गेली.
आधी संताप आला. मग हसू आलं. धाकट्याच्या बॅगेत कुठले बॉल आहेत ते मला माहीत आहे. वकिलाला नाही.

२५ नोव्हेंबर
धाकट्याचा फोन. म्हणाला, दादा, तू फक्त नको म्हण, मी खेळत नाही, वकीलसाहेबांनी मग तुलाच घ्यायचं कबूल केलंय. एक शब्द बोललो असतो तर माझी जागा मला परत होती. पण धाकट्याकडून दान कशाला घ्यायचं? पडू दे तोंडावर, सगळ्यांसमोर. मग वकील स्वतः येईल पाय धरत.
म्हटलं, खुशाल खेळ. फक्त बॉल मी दिलेलेच वापर, दादाचा आशीर्वाद म्हणून. त्याचा गळा भरून आला. माझाही, हसू दाबताना.

८ डिसेंबर, सकाळ
घडीची खुर्ची घेतली. सातव्याला तळ्यापलीकडे बसणार. तिथून बुडणारा बॉल छान दिसतो. हिला म्हटलं, थर्मास भर.

८ डिसेंबर, रात्र
बॉल माझ्या खुर्चीजवळ येऊन पडला. विश्वास बसेना म्हणून उचलला. निळा शिक्का. बॉल खाली ठेव म्हणून वकील पलीकडच्या काठावरून ओरडला. सगळ्यांनी पाहिलं. ठेवला.
ते जिंकले. करंडक हातात घेऊन धाकट्याने भाषण केलं की हे सगळं दादाच्या बॉलमुळे. मला उभं राहावं लागलं. टाळ्या झाल्या. कोच पोरगी सगळ्यात जास्त वेळ वाजवत होती.

१० डिसेंबर
पेंटर फळ्यावर धाकट्याचं नाव लिहून गेला. शेवटची जागा. आडनाव एकच असल्याने लांबून माझंच वाटतं. बऱ्याच लांबून.

१२ डिसेंबर
धाकटा बॉल परत घेऊन आला. दुकानातल्या चष्म्याच्या फडक्याने एकेक पुसून आणलाय. म्हणाला, बक्षिसात नवे मिळाले, दादा, हे तुला होतील. सोमवारी माझ्याबरोबर येत जा, सावकाश खेळू, म्हणाला. चेष्टा करत नव्हता. तेच वाईट.
संध्याकाळी एकटा सातव्याला गेलो. वारा नव्हता. जुना मारला, तळ्यात. नवा मारला, तळ्यात.
घरी आल्यावर ही म्हणाली, खोका माळ्यावर टाकते, तुम्ही चढू नका. स्टूल मी धरलं.