तीन क आणि दोन ख

बीड, कार्तिक वद्य ५, शके १८४०

चि. सुभद्रा हीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सवयीने आधी चि. सौ. लिहून बसलो, तो कागद टाकून हा घेतला. मानमोडीच्या साथीत अर्जुनराव आणि तुझी लेक छबू गेल्याला महिना झाला. मी आलो तेव्हा तू डाळीतले खडे निवडत होतीस, डोळे कोरडे. इथल्या मुलींच्या शाळेला मास्तरीण हवी आहे. चैत्रात परीक्षा. हिशेब तुला येतोच, बीजगणिताचे पुस्तक पाठवतो. पहिली दहा उदाहरणे करून धाड.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा दादा धर्मराज

तलवाडा, मार्गशीर्ष शुद्ध २

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

उदाहरणे सोबत आहेत. मन लागतं का, विचाराल. लागत नाही, उडतही नाही. सासूबाई आणि मी दिवसभर एका घरात, पण बोलणं नाही. पुस्तक पाहून त्यांनी ते फळीवर उंच ठेवलं. मी काढून घेतलं.

सुभद्रा

बीड, मार्गशीर्ष शुद्ध ९

चि. सुभद्रा हीस आशीर्वाद.

दहातली नऊ चुकली, सगळी एकाच जागी. ३क + २ख याचे तू ५कख केलेस. क दोन आणि ख दहा धरून बघ : सहा आणि वीस, सव्वीस. तुझ्या उत्तराने शंभर होतात. अक्षर तेच असेल तरच पदे सजातीय, त्यांचीच बेरीज. नाहीतर जशी आहेत तशी शेजारी ठेवायची. पुन्हा करून धाड, घाई नाही.

धर्मराज

तलवाडा, मार्गशीर्ष वद्य ४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आकडे घालून पाहिले, पटलं. ४क + ३ख + २क − ख याचे ६क + २ख आले. तिथे थांबायचं, हेच जमत नव्हतं. पुढे काही करावं असा हात ओढायचा.

काल सासूबाई शेजारी येऊन बसल्या. पाटीवर काय आहे, विचारलं. मी सांगितलं. परीक्षेचं, बीडचंही सांगितलं. मग म्हणाल्या, "मला हितं एकटीला का म्हनून ठेवतीस? मी बी येते."

मला रडू आलं नाही, त्यांनाही नाही. मी पाटी पुसून पुढचं उदाहरण घेतलं. त्या उठल्या नाहीत.

दादा, खोली बघाल ती दोघींना पुरेल अशी बघा. त्यांचे गुडघे दुखतात, पायऱ्या नकोत.

आठवण ठेवता, तशीच ठेवा.

तुमची सुभद्रा