बटण की दांडा

३ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या दादाचा ताप उतरला, खोकलाही गेला, आणि सोमवारपासून तो कारखान्यात जायला लागला. तेव्हा काळजी नसावी. थोडा अशक्तपणा आहे, चिडचिड आहे, पण ती तापाआधीही होतीच म्हणा.

आता खरी बातमी. आमच्या जुन्या कॉफीच्या मशीनने अखेर मान टाकली. वाफेची नळी चिरली आणि दुरुस्तीवाल्याने हात जोडले. मी म्हटलं, तसंच दांड्याचं दुसरं आणू. त्यावर तुझा दादा अगदी शांतपणे म्हणाला की आता बटणवालं घेऊ, भिंगरीकडे आहे तसं. वरून बिया टाकायच्या, बटण दाबायचं, मोकळं व्हायचं. मला आधी वाटलं थट्टा करतोय. अगं, जो माणूस कारखान्यात दिवसभर कॉफी चाखून कुठला माल पास आणि कुठला नापास ते ठरवतो, आणि घरी पुन्हा स्वतः दळून, दाबून, दांडा ओढून माझ्यासाठी कप भरतो, तो बटण म्हणतो! मी चष्म्याच्या दुकानातली बाई, मला मशीनमधलं काय कळणार. पण नवरा थोडाफार कळतो. काहीतरी बिनसलंय.

तुझं मशीन कसं आहे ते खरं खरं लिही. नाटक कंपनीचे कपडे जरा बाजूला ठेव आणि लवकर लिही.

लोभ दाट आहे, तुझ्याकडूनही पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी वहिनी

९ सप्टेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी शिवणखोलीत इतकी हसले की राजाच्या अंगरख्याला बाही उलटी जोडली. दादा आणि बटण! मागे आला होता तेव्हा माझ्या मशीनकडे तो घरात शिरलेल्या परक्या मांजराकडे बघावं तसा बघत होता. खोकं म्हणायचा त्याला. एक घोट घेऊन उरलेली कॉफी माझ्या कुंडीत ओतली आणि वर म्हणाला की झाड मेलं तर कळव. त्याला सांग, झाड ठणठणीत आहे.

खरं सांगायचं तर मशीन गुणी आहे. सकाळी मी एका हाताने केस विंचरत दुसऱ्याने बटण दाबते. दळतं तेच, पाणी तेच घेतं, चोथा आतल्या डब्यात टाकतं. मग डबा रिकामा करा, नळ्या धुवा म्हणून लाल दिवे लावून जीव खातं, ते वेगळं. कॉफी रोज तंतोतंत कालच्यासारखी. वाईट नसते, पण तयार कपड्यासारखी असते. सगळ्यांच्या अंगात शिरते, मापाची कुणाच्याच नसते. मला तेवढी पुरते. तुम्हाला पुरणार नाही. दांड्याचंच घ्या.

पण हसून झाल्यावर मलाही चैन पडेना. आपलं चुकलं असं दादा इतक्या सहजी कधी म्हणतो का? तो जेवतो ना नीट? कारखान्यात काही झालंय का? नीट बघ आणि कळव.

थट्टा पोटात घाल, माया तशीच असू दे.
तुझी भिंगरी

२२ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

नीट बघ म्हणालीस. बघतेच आहे, आणि जितकं बघते तितका जीव वरखाली होतो.

घरात नुसत्या येरझारा चालू आहेत. दुकानांची माहितीपत्रकं जेवणाच्या टेबलावर, पलंगावर, न्हाणीघराच्या खिडकीत. सकाळी म्हणतो बटणवालंच, संध्याकाळी म्हणतो नकोच काही, आपण पाणी पिऊ. मी काही विचारलं की उठून बाल्कनीत जातो. जेवतो, पण पाट्या टाकल्यासारखा. आमटीत मीठ कमी असलं तर सांगतो, बाकी चांगलं नाही की वाईट नाही. कारखान्यातून नवा पुडा आणला की आधी उघडून त्यात नाक खुपसायचा, मग चपला काढायचा. आता पुडा न फोडता कपाटात सरकवतो.

शनिवारी मी त्याला ओढून दुकानात नेलं. विक्रेता हौशी होता. त्याने एकाच बियांची कॉफी दोन्ही मशीनवर केली आणि दोन कप पुढे ठेवले. दादा कारखान्यात काय करतो ते त्याला मी आधीच सांगून बसले होते, त्यामुळे दुकानातली बाकीची माणसंही गोळा झाली. तुझ्या दादाने दोन्ही कपांतून घोट घेतला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि म्हणाला, दोन्ही चांगल्या आहेत.

भिंगरे, दांड्याची कॉफी करपट झाली होती. मलासुद्धा कळलं. त्याने जन्मात कधी दोन कपांना एकाच मापाने चांगलं म्हटलेलं नाही.

मला एकच वाटतं, आणि ते तुलाच लिहिते आहे. सकाळची ती कॉफी म्हणजे आम्हा दोघांचा वेळ. तो करायचा, मी ओट्याला टेकून उभी राहायची, कालच्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगायची. तो वेळच त्याला नकोसा झाला असेल तर? बटण दाबून मोकळं व्हायचं ते माझ्यापासून तर नाही ना?

हे पत्र वाचून फाडून टाक. लोभ मात्र ठेव.
तुझी वहिनी

२८ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आडवळणं मला जमत नाहीत. तुला काय झालंय? वहिनी दुकानात लोकांच्या डोळ्यांना भिंगं लावते आणि घरी येऊन तुझ्या काळजीत स्वतःचे डोळे सुजवून घेते. तू तिच्याशी बोलत नाहीस. माझ्याशी तरी बोल. आणि माझ्या खोक्याची एवढी भुरळ कशाने पडली तेही लिही, नाहीतर मी ते उचलून तुझ्या दारात आणून ठेवीन.

रागावलास तरी चालेल, माया कमी करू नकोस.
भिंगरी

५ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मला काही झालेलं नाही. वहिनीला सांग, उगाच घोर लावून घेऊ नकोस.

मशीनचं विचारलंस म्हणून लिहितो. दांड्याच्या मशीनमध्ये सगळं माणसावर असतं. पूड किती बारीक, किती दाबली, दांडा किती वेगाने ओढला. हवा दमट झाली की कालचं दळण आज चालत नाही. प्रत्येक कप चाखून पुढचा ठरवावा लागतो. बटणवाल्याला एकदा लावून दिलं की झालं. माणसाने त्यात लुडबुड करायची नाही. माझं वय झालं, सकाळी घाई असते. एवढं साधं आहे.

थोडा थकलो आहे. ते तिला लिहू नकोस. झाडाला पाणी घालत जा.

लोभ असू द्यावा.
तुझा दादा

१३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आधी सांगते, आम्ही दोघं सुखरूप आहोत.

काल दुकानातून लवकर सुटले. दार उघडलं आणि गॅसचा भपकारा आला, इतका की मी उंबऱ्यातच अडखळले. तुझा दादा स्वयंपाकघरात टेबलाशी बसून माहितीपत्रकात खुणा करत होता. शेगडीची कळ अर्धवट फिरलेली, वर दुधाचं भांडं, खाली ज्योत नाही. मी कळ बंद केली, नळीचा खटका पाडला, खिडक्या उघडल्या, दिव्याच्या बटणाला हात लावू नको म्हणून ओरडले. तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याने विचारलं, काय झालं?

अगं, त्याला खरंच कळलं नव्हतं. घर गॅसने भरलं होतं आणि तो विचारत होता, काय झालं.

मी त्याला हाताला धरून जिन्यात आणलं. तिथे पायरीवर बसल्यावर तो सगळं बोलला. ताप गेला त्याबरोबर वासही गेला. कशाचाच येत नाही. कॉफी म्हणजे कडू गरम पाणी, जेवण म्हणजे मीठ आणि तिखट. कारखान्यात त्याच्या शेजारी बसणारी नवी चाखणारी आहे, तिच्या भुवया बघून तो माल पास-नापास करत होता. तिच्या भुवया हलल्या नाहीत की हाही पास म्हणायचा. रोज वाटायचं उद्या येईल वास, म्हणून कुणाला सांगितलं नाही. दुकानातही तो माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधत होता, आणि मी वेडी काहीतरी भलतंच समजून बसले.

मशीनचं मी विचारलंच. तो म्हणाला, "दांड्याचं मशीन रोज सकाळी विचारणार, जमली का? मला सांगता येणार नाही. बटणवालं काही विचारत नाही."

मी खूप रडले, आणि त्याला खूप बोलले. घर उडालं असतं, वर दुसऱ्यांच्या मालाशी खेळत होतास, आणि माझ्याशीही बोलला नाहीस. त्याने सगळं ऐकून घेतलं. आज सकाळी तो साहेबांना सांगायला गेला आहे. मी दुकानात जाणार होते, पण बसून तुलाच लिहिते आहे.

तुझ्या लोभाची आज फार गरज आहे.
तुझी वहिनी

४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तिसऱ्यात शिव्या जरा कमी होत्या, आभारी आहे.

साहेबांना सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त दार लावून घेतलं आणि तापातून उठल्यापासून मी पास केलेला सगळा माल पुन्हा चाखायला लावला. नव्या मुलीने चाखला. बाकीचा ठीक निघाला, पण एका मालाला बुरशीचा वास होता. तो गोदामातून परत मागवावा लागला. तिच्या समोर उभं राहून मी ते ऐकलं. चाखण्याच्या टेबलावरून मला काढलं आहे. सध्या भाजणीच्या विभागात आहे, तिथे रंग बघायचा आणि बिया तडकण्याचा आवाज ऐकायचा असतो. ते येतं मला. पण जिन्याने वर जाताना पाय अजून सवयीने जुन्या खोलीकडे वळतात.

डॉक्टर म्हणतात, वास परत येईल किंवा नाही येणार. रोज लवंग आणि लिंबाचं साल हुंगायला सांगितलंय. हुंगतो. अजून काही नाही. कधी कधी जीव इतका तळमळतो की कारखाना सुटल्यावर घर मागे टाकून उगाच पुढच्या चौकापर्यंत चालत जातो.

मशीन आलं. मी ठरवलं नाही. तुझी वहिनी मला न विचारता दुकानात गेली आणि दांड्याचं घेऊन आली. मी म्हटलं, हे माझ्या काय कामाचं. ती म्हणाली की नाक तिच्याकडे आहे, हात माझ्याकडे आहेत, आणि एका घरात दोन नाकं लागतातच असं कुणी सांगितलंय.

आठवडाभर त्याचं खोकं तसंच बांधलेलं होतं. काल सकाळी मी उघडलं. पूड दळली, दाबली, दांडा ओढला. धार बघितली, ती ठीक वाटली. कप तिच्यापुढे ठेवला. आजवर मी कप ठेवायचो आणि कशी झालीये ते मीच सांगायचो. काल विचारलं, "कशी झालीये?"

तिने घोट घेतला. तिला खोटं बोलायचं होतं, मला दिसलं. मग म्हणाली, "कडू. आणि जळकी."

मी दळण थोडं जाडसर केलं. दुसरा कप पाणचट निघाला. तिने तेही सांगितलं, या वेळी पटकन. तिला दुकानात जायला उशीर होत होता, पण पर्स खांद्याला लावून ती ओट्याशीच उभी राहिली. तिसरा कप तिने शेवटपर्यंत प्यायला.

इकडे ये एकदा. आमचा दोघांचाही तुझ्यावर लोभ आहे, तो इथे येऊन घेऊन जा.
तुझा दादा