गालिच्यावर बुटांसह चालण्यास सुरुवात करण्याबाबत

दि. १२/११/२०२५
कडोदरा, जि. सुरत

प्रति,
मा. मुख्य व्यवस्थापक,
गिरणा-पांझरा नागरी सहकारी पतसंस्था,
गोडादरा, सुरत.

विषय : पहिल्या मजल्यावरील विणलेला गालिचा पायाखाली घेण्याबाबत.
संदर्भ : १) माझे हमीपत्र. २) आपल्या तपासनिसांचा शेरा.

महोदय,

१. आपल्या पहिल्या मजल्यावरचा गालिचा आमच्या कारखान्यात विणला गेला. 'रोज हजार बूट पडले तरी सहा महिन्यांत झीज दिसणार नाही. दिसल्यास उरलेल्या दोन मजल्यांचे काम देऊ नये,' ही अट मीच उत्साहाच्या भरात हमीपत्रात घातली. कोणी मागितली नव्हती.

२. मे महिन्यात उद्घाटनाला आपण मला पहिले पाऊल टाकण्याचा मान दिलात. आमच्या विणकाम खात्यात तयार मालावर कोणी चपलेने पाय देत नाही. आमच्या जुन्या कामगार धुरपदाबाई तर अनवाणी चालून, तळपायानेच सुटा धागा शोधतात. माझीही बावीस वर्षांची सवय. मी दारातच बूट काढले. मला पाहून आपण काढलेत. आपल्याला पाहून अध्यक्षांनी काढले. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होते, हे मी आजवर कोठेही बोललो नाही.

३. दुसऱ्या दिवशी दारात चपलांचा स्टँड आला, आठवड्याने तीन भाषांतील पाटी. आता सभासद अनवाणी पायांनीसुद्धा भिंतीच्या कडेकडेने जातात. रुक्मिणीबाई नावाच्या ठेवीदार भगिनींनी उंबऱ्याशी नारळ ठेवल्याचेही कळते.

४. परिणामी तपासनिसांचा शेरा असा : 'गालिचा उत्तम. वापर झालेला नाही. सबब टिकाऊपणा सिद्ध होत नाही.' दोन्ही मजल्यांचे काम थांबले आहे. महिनाअखेरपर्यंत मंजुरी न आल्यास आमचे मोठे लूम बंद होऊन धुरपदाबाई व सहा बायांना घरी बसावे लागेल. कारण लिहायचे झाल्यास 'भूपेंद्रने बूट काढले' असेच लिहावे लागेल.

५. चूक निस्तरावी म्हणून परवा सोमवारी मी जाड तळाचे नवे बूट घालून आपल्याकडे आलो. शिपाई भटूबाबा म्हणाले, "दादा, बूट आठेच काढा. आत गालिचा शे." तो मीच केला, असे सांगितल्यावर म्हणाले, "मंग ते तुमले माहीत पाह्यजे!" तरीही त्यांनी मला वाट दिली. मी कडेला अकरा मिनिटे उभा राहिलो, एक पाय उचलला, आणि बूट काढले. कॅमेऱ्यात हे दिसत असल्यास ते चित्रण अध्यक्षांना दाखवू नये, ही विनंती. धुरपदाबाईंना हकिगत सांगितली, तर त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमनाच पाय नही पडस, ते लोकेसना कसा पडी?"

६. तरी पाटी व स्टँड हटवावा, आणि येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता आपण बुटांसह चालावे. आपलाही पाय अडला, तर धुरपदाबाई पुढे चालतील. त्यांनी त्यासाठी चामड्याच्या नव्या चपला घेतल्या असून त्या दोन दिवस खात्याच्या अंगणात मुद्दाम मळवल्या आहेत. मी त्या वेळी जिन्यात, पाठ करून उभा राहीन.

आपला नम्र व तूर्त अनवाणी,

(सही)
भूपेंद्र धुडकू बाविस्कर
विणकाम प्रमुख

सोबत :
१) हमीपत्राची प्रत
२) शेऱ्याची प्रत
३) नवे काळे बूट, एक जोड (आपल्याच स्टँडवर, तिसऱ्या रांगेत. सोमवारी लाजेने तसाच निघून आलो.)