घरभर एकच नाव

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा! बंदरावर माझ्या धिरड्यांच्या गाडीपुढे ही गर्दी, आणि त्यात सिनान पेहायो खणखणीत आवाजात — "ए सी यावेन, दोन धिरडी दे गं, अंडं जरा सढळ हाताने घाल!" शेजारी तिची चिमुरडी पेहायो, नाक पुसत. ती 'सी पेहायो', मी 'सी यावेन'. ती चार वर्षांची, मी त्रेचाळीसची!

बोलू कुणाला? रीतच आहे आपली. मूल होईपर्यंत माणूस नुसता 'सी'; पहिलं मूल झालं की बाप 'स्यामन' होतो, आई 'सिनान', आणि पुढे त्या मुलाचं नाव. नातवंड आलं की म्हातारी माणसं 'स्यापेन'. या बेटावर माणूस वयाने मोठा होत नाही, नावाने होतो. आम्ही नवराबायको अजून पोरासोरांतच.

नवरा, मालावांग, म्हणाला, "मग चिनी नाव सांगत जा." चिनी! आमांच्या — म्हणजे सासऱ्यांच्या — लहानपणी कचेरीतल्या माणसाने वाटलेली आडनावं ती. आमा 'शी', त्यांचे सख्खे थोरले भाऊ 'हुआंग'. एका आईची पोरं! कागदाला चालतात, अंगाला लागत नाहीत.

२० मार्च

समुद्रापलीकडून, तैतुंगहून, दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाईंचा फोन. मुलगी आहे. पण तान्ही नाही, पाच वर्षांची.

हो म्हटलं. मग मालावांगला विचारलं!

४ एप्रिल

आली. बोटीत सगळा रस्ता ओकत आली आणि उतरल्याबरोबर म्हणाली, "भूक लागली." रताळी खाल्ली, सुका मासा खाल्ला, मालावांगच्या ताटातला अर्धा खाल्ला.

मी म्हटलं, "आन-आन, अजून हवं?"

"ते माझं नाही."

"काय तुझं नाही?"

"नाव. आधी दुसरी आन-आन होती. ती गेली, मग मला दिलं. हे बूटपण तिचेच."

मालावांग उठून बाहेर गेला. मी बूट काढून ठेवले. पोरगी अनवाणीच झोपली.

११ एप्रिल

आमा तिच्याशी नीट वागतात, वाईट काही बोलत नाहीत. पण आज मी विषय काढला तर — "यावेन, नावाचं पाणी तान्ह्याच्या डोक्यावर घालतात. हिची टाळू कधीच भरली."

"मग आता घाला."

"चाळीसच्या वर वर्षं मी स्यामन मालावांग आहे. मालावांगचा बाप. तेवढं पुरे मला."

इथेच तर अडलंय! आमा 'स्यापेन' झाले नाहीत, तर आम्हाला आई-बाप म्हणतील ते तोंडदेखलं. आजोबा नसलेलं नातवंड कुणी ऐकलंय? रडले नाही. भांडी मात्र जोरात घासली.

२६ एप्रिल

आमा विरघळतायत की काय! स्वतःहून एक नाव काढलं. त्यांच्या आत्याचं. पोरगी तोंडभर तारोचा कंद चावत म्हणाली, "आधी कुणाचं होतं?"

"माझ्या आत्याचं. फार गुणी बाई."

"नको."

दुसरं काढलं. "आधी कुणाचं होतं?" — "नको!"

आमांना असं तोंडावर 'नको' म्हणणारं माणूस मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. चिडले. हसूही आलं त्यांना, पण ते त्यांनी खोकल्यात लपवलं.

१० मे

आमा आणि पोरगी रोज तारोच्या शेतावर जातात. ते पाट दुरुस्त करतात, ती मागे चिखल तुडवत. "याला काय म्हणतात? त्याला काय म्हणतात?" आपली भाषा माझ्याकडून शिकली नाही, त्यांच्याकडून शिकते. शिव्याही शिकली!

त्यांना हाक मात्र मारत नाही. कुणालाच मारत नाही, मलाही 'इना', म्हणजे आई, म्हणत नाही. समोर येऊन उभी राहते, आपण बघेपर्यंत.

३० मे, शनिवार

लिहून काढते.

दुपारी आमा वरच्या बांधावरून घसरले. पाय मोडला. पाटात पडले, पाणी वाहतं, उठता येईना. जवळ फक्त ही. ती डोंगर उतरून गावात धावत आली — मी नव्हते, गाडीवर होते. सिनान पेहायोने सांगितलं मला सगळं, तिच्या तोंडून ऐकावं लागलं!

पोरगी चौकात उभी राहून किंचाळली, "आकाय! आकाय पडले!" आकाय म्हणजे आजोबा; गावात आकाय काय कमी आहेत? कुणीतरी विचारलं, "कुणाचे आकाय गं?"

"माझे!!"

सिनान पेहायो म्हणाली, "बाई गं, काय तो आवाज! नवऱ्याच्या हातातली जाळी गळून पडली." नऊ-दहा जण धावले. पोरगी सगळ्यांच्या पुढे, अनवाणी. आमांना खांद्यावरून आणलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय बांधला, म्हणाले, आणखी तासभर थंड पाण्यात राहिले असते तर कठीण होतं.

आमा वाटेत एकच विचारत होते म्हणे — "ती काय म्हणाली? पुन्हा सांगा. ती काय म्हणाली?"

३१ मे

आमांनी तिला अंथरुणापाशी बसवलं. आम्हालाही बोलावलं.

"हे बघ पोरी, मला आता नाव बदलायचंय. पण तुझं नाव ठरल्याशिवाय माझं ठरत नाही. माझा खोळंबा झालाय."

ती विचार करत राहिली. आधी बराच वेळ, मग आणखी बराच वेळ. शेवटी म्हणाली, "काल तुम्ही पाण्यात होता तेव्हा डोंगरावर दिसत होता. दिवसा. पांढरा. मी विचारलं तर तुम्ही ओरडला, 'वेहान आहे तो, पळ आता!'"

"वेहान? चंद्र?"

"ते आधी कुणाचं होतं?"

आमा म्हणाले, "माणसात कुणाचंच नाही."

"मग ते."

संध्याकाळी थोरले काका आले, आडव्या पडलेल्या भावावरच बरसले. "चंद्र मोजून आपण मासे बोलावतो, अन् ते नाव पोरीला? अरे, केवढं मोठं नाव ते!"

आमा म्हणाले, "मोठंच बरं. वाढेल ती त्यात."

"आणि नाव ठेवायचं कुणी? आजाने!"

"दादा, आजवर आजाने नातीचं नाव ठेवलं. काल हिने गावाच्या चौकात माझं नाव ठेवलं. आता बोल."

काका जाताना डुक्कर कोणतं कापायचं ते सांगून गेले!

२ जून

झालं! झालं! झालं!

पहाटे मालावांग झऱ्यावर गेला. आमा ऐकेनात, म्हणाले मलाही ने. एका हातात पाण्याचा भोपळा, पाठीवर बाप — असा आला माझा नवरा घरी, घामाने निथळत, दात काढून हसत. पाणी डोक्यावर पडताच पोरगी ओरडली, "गार आहे!" सगळे हसले, थोरले काकासुद्धा.

सी वेहान. तिचा बाप स्यामन वेहान. तिची आई सिनान वेहान — मी! आणि आमा, स्यापेन वेहान, येईल त्याला हाका मारून सांगत होते, न विचारणाऱ्यालाही.

वेहान बोटांवर मोजत बसली होती. मग माझ्याजवळ आली. "म्हणजे माझं नाव तुम्ही तिघांनी घेतलं?"

"हो."

"मग मी गेले तर तुम्हाला काय म्हणतील?"

"सिनान वेहानच. ते आता सुटत नाही."

"कधीच?"

"कधीच."

तिने मान हलवली. मग डुकराचं मटण मागितलं. दोनदा.

३ जून

सकाळी बंदरावर रांगेतून तोच खणखणीत आवाज — "सिनान वेहान, दोन धिरडी दे गं!" आणि हळूच, "अगं, किती लख्ख नाव आहे."

चार अंडी घातली तिला. खा म्हणावं आता!

२१ जून

संस्थेच्या बाईंचा फोन. वेहानच्या जन्मदात्या आईला मुलगा झालाय, आठवड्याचा आहे. तिने तोही तिथेच सोडलाय. "विचारून ठेवावं म्हटलं."

मालावांग माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. वेहान मात्र तोवर दारात चप्पल घालून उभी. म्हणाली, "इना, चल. त्याला कुणी दुसऱ्याचं नाव द्यायच्या आत."