नऊ पिनांचा प्लग

धरमपेठ, नागपूर
दि. २० मार्च १९८८

प्रिय केशव यास,
मुकुंदचा स. न. वि. वि.

दोन वर्षांत तुझी खुशाली नाही. गोपिकाआत्याच्या वर्षश्राद्धानंतर तू मामाच्या घराकडे फिरकला नाहीस. आता काम पडलं म्हणून आठवण काढली म्हणशील, तर तसंच समज.

सीताबर्डीवर भैय्याजींच्या रेडिओच्या दुकानावर एक खोली रिकामी आहे. तिथे सुटीत पोरांसाठी खेळांचा कॉम्प्युटर बसवायचा आणि संध्याकाळी त्याच यंत्रावर शिकवणी घ्यायची, असा बेत आहे. भैय्याजींची अट एकच, १ मेला चालू करून दाखवा. तयार यंत्र परवडत नाही, म्हणून सुटे भाग आणून घरीच जुळवतो आहोत. उत्तरा सध्या माहेरीच आहे, त्यामुळे तिचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा कामी आला. मदरबोर्ड, दीडशे वॉटचा पॉवर सप्लाय, फ्लॉपी ड्राइव्ह सगळं बसलं. खेळांना मॉनिटरवर रंगीत चित्र पाठवणारं कार्ड लागतं म्हणून तेच घेतलं. मॉनिटर मात्र भैय्याजी त्यांचा देणार आहेत, तोही १ मेलाच, आणि तो एकरंगी आहे, पिवळ्या अक्षरांचा. प्लग दोन्हीकडे नऊ पिनांचाच आहे. पण ही जोडी चालेल का? तू दिवसभर हीच यंत्रं दुरुस्त करतोस, आणि उत्तरा म्हणते, केशवदादाला विचारल्याशिवाय लावायचं नाही. शिवाय मे महिन्यातली इथली आग तुला ठाऊकच आहे. यंत्र थंड कसं ठेवायचं तेही लिही.

परवा तुझी फार आठवण निघाली. माझा जुना शर्ट घालून तू शाळेत आलास, आणि मी भर वर्गात खिशावरचा शाईचा डाग दाखवून तो ओळखला! दे म्हटलं तर तू खरंच काढून दिलास आणि घंटा होईस्तोवर उघडा बसून राहिलास. बाबांना सांगितलं तर तेही हसू लागले. काय दिवस होते बाप्पा!

उत्तर लवकर पाठव. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
मुकुंद


गिरगाव, मुंबई
दि. २९ मार्च १९८८

प्रिय मुकुंद यास,
केशवचा स. न. वि. वि.

पत्र मिळालं. शर्टाची गोष्ट वाचून मलाही हसू आलं. तुझी स्मरणशक्ती चांगली आहे.

आधी उन्हाचं. कूलरची ओली हवा यंत्रावर घेऊ नका, बोर्डाला गंज धरतो. कूलर दाराशी ठेवा, खोली थंड झाली की पुरे. यंत्राची पाठ भिंतीपासून वीतभर लांब असू द्या, कारण आतला पंखा गरम हवा मागे फेकतो. डब्यावर पुस्तकं किंवा कापड ठेवू नका. उत्तराला सांग, ड्राइव्हच्या तारा पंख्यासमोरून काढून बाजूला बांध. स्टॅबिलायझरशिवाय बटण दाबू नका. एवढं केलंत तर नागपूरच्या मेमध्येही यंत्र तापणार नाही.

मॉनिटरची चिंता नको. प्लग बसतो ना, मग जोडी जमली. सुरुवातीला चित्र पळेल, बारीक शिट्टी येईल. घाबरून बंद करू नका. दहा मिनिटं तापू द्या, आपोआप स्थिरावेल.

मामांना नमस्कार. कार्य पार पडलं की सविस्तर कळव, मी वाट पाहतो. माया आहे ती राहील.

तुझा,
केशव


धरमपेठ, नागपूर
दि. ३ मे १९८८

प्रिय केशव यास,
स. न. वि. वि.

सगळं बुडालं. परवा पंधरा-वीस माणसं जमली होती, बाबाही आले होते. बटण दाबलं तशी शिट्टी आली, चित्र धावू लागलं. उत्तराचा हात लगेच बटणाकडे गेला. मीच तिचं मनगट धरलं आणि म्हटलं, केशवने दहा मिनिटं सांगितली आहेत. चौथ्या की पाचव्या मिनिटाला जळका वास आला, मागून धूर निघाला आणि पडदा काळा झाला.

भैय्याजी सगळ्यांदेखत म्हणाले की मले वाटलं पोरगी शिकेल हाय, इनं तं माह्याच डब्याची होळी केली, उचला हे आता. लोक हसले. बाबा जिना उतरून गेले.

बाकी यंत्र शाबूत आहे, थंडही राहिलं. तुझा अंदाज चुकला असेल, समजू शकतो. पण नेमकं काय झालं ते लिही, उत्तरा तेच विचारत असते.

तुझा,
मुकुंद


गिरगाव, मुंबई
दि. ९ मे १९८८

प्रिय मुकुंद यास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं, चहा घेत वाचलं.

अंदाज चुकला नाही. रंगीत कार्डाची आणि एकरंगी मॉनिटरची चित्र रेखण्याची गती वेगळी असते. प्लग सारखा म्हणून जोडलं आणि तसंच चालू ठेवलं, तर मॉनिटर जळतो. आमच्या दुकानात नवा माणूस हे पहिल्याच आठवड्यात शिकतो. दहा मिनिटं मी जास्तच सांगितली होती, पाचात झालं.

पाच वर्षं तुमच्याकडे राहिलो. माझ्या आईने पाच वर्षं तुमच्या पोळ्या लाटल्या आणि तुमचं झाल्यावर उरलं ते जेवली. तुला त्यातलं हसण्यासारखं तेवढं आठवतं. चारचौघांत उघडं पडणं म्हणजे काय ते तुला कळावं, एवढीच माझी इच्छा होती. ती १ मेला पुरी झाली.

उत्तराला वाईट वाटलं असेल. त्या घरात मला ताटावर बोलावणारी ती एकटीच होती. तिच्याशी माझं काही वैर नाही, तिला तसं सांग.

केशव


धरमपेठ, नागपूर
दि. १७ मे १९८८

केशव,

यंत्र माझं नव्हतं. उत्तराचं होतं.

घरातली गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून तुला लिहिलं नव्हतं. दिवाळीत ती आली ती माहेरपणाला नाही. अचलपूरला नवरा मारतो. डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, त्याच हाताने तिने सोल्डरिंग केलं. बाबांनी तिला १ मेपर्यंत मुदत दिली होती. स्वतःच्या पायावर उभी राहिलीस तर राहा, नाहीतर दिल्या घरी जा. भैय्याजींना तिनेच राजी केलं. तुला विचारलेले प्रश्नही तिचेच होते, मी फक्त लिहून काढले. शर्टाचं तेवढं माझं.

परवा बाबा तिला पोचवून आले. मी त्यांना अडवलं नाही. तिची ट्रंक मीच एस.टी.वर चढवली. ते पाप तुझ्यावर ढकलत नाही.

तुझं पत्र तिला दाखवलेलं नाही. काय सांगायचं ते तूच सांग.

मुकुंद


अचलपूर
दि. ११ जून १९८८

ती. केशवदादा यांस,
उत्तराचा कृ. सा. न. वि. वि.

निघायच्या आदल्या दिवशी मुकुंदला म्हटलं, केशवदादांना दोष देऊ नकोस. तो उठूनच गेला. तुमच्यावर रागावलेला दिसतो. त्याचं मनावर घेऊ नका. चूक माझी आहे. दोन्हींची गती वेगळी असते असं कॉलेजात वाचल्याचं मला पुसट आठवत होतं. पण तुमचं पत्र आलं आणि मी माझंच वाचलेलं खोटं धरलं. तुमच्या तरी हाताखालून रोज सगळी यंत्रं कुठे जातात? नजरचुकीने झालं असेल.

तुम्ही उन्हाचं जे लिहिलं होतं ते एकूणएक खरं निघालं. इतक्या लांबून, इतकं बारीक, तारा कुठून वळवायच्या इथपर्यंत कुणी माझ्यासाठी लिहिलं नव्हतं. ते पत्र मी सोबत आणलं होतं. आता नाही. आल्या रात्री ते चुलीत गेलं, आणि परक्या पुरुषाचं पत्र ट्रंकेत कसं, याचा जाब बरेच दिवस चालला. तुम्ही आतेभाऊ आहात हे सांगून पाहिलं.

डावा हात तेव्हापासून चालत नाही. आता उजव्या हाताने लिहिता येऊ लागलं, म्हणून आज लिहायला बसले. शेजारच्या पंचफुलाबाई म्हणाल्या की लिव्ह वं पोरी, मी टाकतो पेटीत. त्यांचा फार आधार आहे.

मला एकच विचारायचं होतं, ती जोडी नेमकी कशी जमवायला हवी होती. पण उत्तर पाठवू नका. इथे माझी पत्रं आधी ते उघडतात.

तुमचा माझ्यावर लोभ आहे, मला माहीत आहे. तो मनातच असू द्या.

आपली,
उत्तरा