दोन कान पुरत नाहीत

निमोणे,
मंगळवार

प्रिय वैष्णवी,

फोन सोडून ताई पत्र का लिहितेय, याचं तुला नवल वाटेल. फोनवर तू “हं, बोल ना ताई” म्हणतेस आणि मागं कीबोर्डचा आवाज चालूच असतो. तुला दोष देत नाही, मीही तेच करते. पण हे तू अर्ध्या लक्षानं ऐकलेलं मला चालणार नाही. तुझे दाजी उद्या कंपनीच्या कामानं वाघोलीला येणार आहेत, त्यांच्याच हाती पाठवतेय. सत्यजीत झोपला की लॅपटॉप मिटून बस आणि मग वाच.

आधी सासरचं सांगते. अक्षदाची पहिलीची परीक्षा झाली. कांदा काढून झालाय. आबांचा गुडघा बरा आहे, पण ऐकायला अगदीच कमी येतं आता; टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारच्या वस्तीवर बातम्या कळतात. आत्या नेहमीसारख्याच, पहाटेपासून गोठ्यात. ऊस मात्र अजून उभाय. यंदा आमची तोड लांबली. आजूबाजूचं सगळं रान तुटून मोकळं झालं आणि आमचा तुकडा तेवढा मधोमध राहिला. एवढं एक वाक्य ध्यानात ठेव, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

तू मला हे काम लावून दिलंस तेव्हा मी किती घाबरले होते, आठवतं? ग्राहकांनी केलेल्या फोनची रेकॉर्डिंग ऐकायची, पलीकडची मुलगी नीट बोलली का, चिडली का, हे तपासून गुण द्यायचे. मला वाटायचं, भरल्या घरात हे कसं जमणार? कुणी चहाला येतं, कुणी उसनं विरजण मागायला येतं, अक्षदाला मध्येच भूक लागते. शिवाय माउस थोडा वेळ हलला नाही की माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो आणि आमच्या साहेबांना, संपत सरांना, तिकडं दिसतं. तेव्हा तूच मला शिकवलंस. फोन दुसऱ्या खोलीत ठेव, दाराला आतून कडी लाव, ठरावीक वेळ मान वर करायची नाही आणि बाहेरचा आवाज पार मारून टाकणारा हेडफोन घे. मी फोन बाजरीच्या कोठीत ठेवायला लागले. आत्यांना आधी हसू आलं, पण मग स्वतःच ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, “सून हापिसात हाय.” आतल्या खोलीत, कडीच्या मागं, खरोखर ऑफिस होतं गं माझं. लग्नानंतर पहिल्यांदाच काहीतरी माझ्या एकटीच्या नावावर चाललं होतं.

लक्ष लागणं म्हणजे काय, ते मी तुझ्याकडं बघून शिकले. कासुर्डीच्या घरी सोलापूर हायवेचे ट्रक रात्रंदिवस भिंती हलवायचे आणि तू कानात कापसाचे बोळे घालून बारावीचा अभ्यास करायचीस. जेवायला उठवायचं तर आई खांदा धरून हलवायची. आप्पा कौतुकानं म्हणायचे, घर वाहून गेलं तरी हिला पुस्तक संपल्यावरच कळेल. आपण सगळे हसायचो. मलाही तसंच व्हायचं होतं. तसं मी झाले, आणि ते कुठल्या दिवशी झाले ते आता सांगते.

होळीनंतरची दुपार होती. गावात वाघ फिरतोय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इकडं बिबट्याला वाघच म्हणतात. गावातल्या म्हाळू मामांची शेळी गेली होती, न्हावऱ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलवाल्यांना आडवा गेला होता. पण ते सगळं अंधारातलं. दिवसाढवळ्या, घरापाशी, माणसांच्या राबत्यात तो येईल असं कुणाच्या मनात नव्हतं. मी कडी लावून बसले होते. एका बाईंचा मिक्सर बिघडला होता, तिसऱ्यांदा फोन केला होता त्यांनी, आणि त्या इतक्या रडवेल्या झाल्या होत्या की मी डोळे मिटून ऐकत होते. त्या दिवशी काम असं काही लागलं की पाण्यालासुद्धा उठले नाही. दिवसभराच्या फाइली दुपारीच संपल्या. संपत सरांचा शाबासकीचा मेसेज आला. मी खुशीत हेडफोन काढला आणि दार उघडलं.

बाहेर काहीच आवाज नव्हता. कोंबड्या नव्हत्या, कुत्रं नव्हतं. आत्या गव्हाणीत बसल्या होत्या, वैष्णवी. गुरांच्या गव्हाणीत, कडब्यावर, भिंतीला पाठ लावून, आणि अक्षदाला त्यांनी पदराखाली इतकं घट्ट धरलं होतं की पोरीचे पायच दिसत होते. गाय दावं तोडायला बघत होती. शेजारच्या खुंट्याला वासरू नव्हतं. खुंट्यापासून अंगणातल्या धुळीत एक फरफट गेली होती, ती थेट उसात.

आत्यांच्या तोंडून आवाज निघत नव्हता. ओरडून ओरडून घसा बसला होता. त्यांनी बादली बडवली होती, पत्रा बडवला होता, माझं नाव घेऊन हाका मारल्या होत्या. वासरू ओढून नेताना तो एकदा थांबला, त्यानं वळून अक्षदाकडं पाहिलं, तेव्हा त्या तिला घेऊन गव्हाणीत शिरल्या. आबा ओसरीत टीव्हीपुढं होते. तुझे दाजी रांजणगावला शिफ्टला. आणि मी पंधरा पावलांवर, एका अनोळखी बाईच्या मिक्सरची तक्रार ऐकत होते. आत्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाल्या, “लई हाका मारल्या गं पोरी. तू कामात व्हतीस.”

त्यानंतर मी तो हेडफोन दोन्ही कानांना लावू शकलेले नाही. एक कान रेकॉर्डिंगला देते, एक बाहेर ठेवते. दार सताड उघडं. अक्षदा टेबलाखाली सतरंजीवर खेळते आणि माझे पाय तिच्या पाठीला टेकलेले असतात. पाठ हलली की मी खाली बघते. टिटवी ओरडली की उठते. टिटवी गप्प झाली तरी उठते. एकदा रेकॉर्डिंगमध्येच मागं कुणाचं तरी लेकरू किंचाळलं आणि मी खुर्ची उलटवून अंगणात धावले. अक्षदा माझ्यामागं रडत आली. आपण रडतोय कशासाठी, हे तिलाही कळत नव्हतं. माझे गुण घसरत गेले. संपत सर भले आहेत, त्यांनी स्वतः फोन करून विचारलं, “मॅडम, तुमचं लक्ष कुठं असतं?” मी घरी आजारपण आहे म्हणून सांगितलं. उसाकडं असतं, असं कसं सांगायचं?

आत्या आता धार काढायला जाताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात. इकडं बऱ्याच बाया बांधतात, कारण तो मान धरतो. तसाच एक छोटा पट्टा त्यांनी चांभाराकडून अक्षदासाठी करून आणला. तिला तो दागिनाच वाटला, आरशापुढं वळून वळून बघत होती. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

मग पिंजरा लागला आणि एके सकाळी त्यात वाघ सापडला. सगळा गाव लोटला, पोरांनी फटाके वाजवले, फोटो तुलाही आला असेल. आबांनी पेढे वाटले. तुझे दाजी म्हणाले, आता नीट झोप, काम कर. मी चार दिवस खरंच झोपले. दार लोटायला लागले. आणि त्याच सुमाराला तुझा फोन आला, की सत्यजीत काही सुचू देत नाही, मीटिंगमध्ये मांडीवर चढतो, यंदाची बढती हातची जाईल, सुट्टीभर त्याला निमोण्याला ठेवते, अंगण आहे, गुरं आहेत, रमेल. मी हो म्हणाले. आत्यांनी लगेच माळ्यावरचा झोपाळा काढायला लावला. आबा तर रोज विचारतात, पाहुणा कधी येतोय.

गेल्या आठवड्यात एका दुपारी मी फाइल ऐकत होते. सहज मान वर केली. खिडकीला जाळी आहे, तिच्यापलीकडं उसाच्या कडेला पाण्याचा पाट आहे. पाटाच्या बांधावर तो बसला होता. पुढचे पाय पसरून, घरचं जनावर बसावं तसा. भर उन्हात. मला आधी ते खरंच वाटलं नाही, इतका तो शांत होता. घराकडं बघत होता. दारात अक्षदाची भातुकली मांडलेली होती आणि तो तिच्याकडं बघत होता. अक्षदा माझ्या पायाशी होती. मला ओरडता येईना. कानात एक माणूस वॉरंटीचं विचारत होता, आणि मी तोंड उघडून नुसती बसले होते. पापणी लवली आणि बांध रिकामा होता. उसाचं एक पानही हललं नाही.

घरात सांगितलं. आबा म्हणाले, भीती डोक्यात बसली की बांधावरचं कुत्रंही वाघ दिसतं. तुझे दाजी दुसऱ्या दिवशी शिफ्टला निघताना गाडी चालू करून बराच वेळ तसेच उभे राहिले. आत्या एकट्याच पाटापर्यंत जाऊन आल्या. ओल्या मातीत ठसे होते. मोठे होते आणि त्यांच्या बाजूनं लहान होते. सापडला तो दुसरा होता. ही मादी आहे आणि तिच्याबरोबर पिलं आहेत. पिंजरा पुन्हा आणून लावलाय, पण ती त्याच्याजवळ फिरकत नाही. ऊस तुटेपर्यंत ती कुठं जाणार? आणि तुटला की त्या दिवशी कुठं जाणार?

काल भाकरी करताना आत्यांनी हळूच माझा हात धरला. म्हणाल्या, “बहिणीला सांग, लेकराला हिकडं आणू नगं. आन् आपली पोर तिच्याकडं धाड. कुणी इचारलं तर मीच धाडली म्हून सांगीन.” मी म्हटलं, मग तुम्हीही चला. त्या म्हणाल्या, गाय कोण सोडणार? त्यांना सोडून मीही निघू शकत नाही. आबांना ऐकू येत नाही, तुझे दाजी कामावर. आत्या गोठ्यात असताना कुणीतरी कान देऊन बसायला हवं, आणि ती मीच.

म्हणून हे पत्र. सत्यजीतला आणू नकोस, वैष्णवी. आबांनी कितीही आग्रह केला तरी नाही. आणि मी जे मागतेय ते तू मला फोनवर मागू दिलं नसतंस, मध्येच रडली असतीस. उद्या पत्र घेऊन तुझे दाजी निघतील तेव्हा त्यांच्याबरोबर अक्षदाही असेल; तू हे वाचशील तेव्हा ती तुझ्या घरातच असेल. तिला काही सांगितलेलं नाही, मावशीकडं सुट्टीला निघालीय म्हणून ती नाचतेय. तुझी एक खोली, एक टेबल, एक पोरगं आवरताना तुझा जीव मेटाकुटीला येतो, हे मला ठाऊक आहे. त्यात मी दुसरं धाडतेय. दोघं मिळून तुझी एकही मीटिंग धड होऊ देणार नाहीत. दारावर थापा मारतील, भांडतील, मांडीवर चढतील. तुझं काम बुडेल. बुडू दे. दार उघडं ठेव आणि त्यांचा गोंगाट ऐकत बस.

तुझीच,
नंदाताई