मातीच्या पाटीवरचा माणूस

लायडन,
६ मार्च १९७१

ती. आत्यास तानेकेचा प्रेमाचा नमस्कार.

तू पाठवलेले बोलस, आपले ते साखरेचे गोड पाव, पोचले. कागदाला चिकटलेली साखरसुद्धा चाटून झाली, तीच पावती समज. मी इथे मजेत आहे. बाबेलच्या मातीच्या पाट्या आता थोड्याथोड्या वाचता येतात. ऊर, निनवे, एरक ही नावं वर्गातल्या इतरांनी इथेच पहिल्यांदा ऐकली. पप्पा रोज जेवणानंतर बायबलचा अध्याय वाचायचे, त्यामुळे मला ती आपल्या पलीकडच्या गावांसारखी ओळखीची. कुठे शिकलीस, असं मास्तरांनी विचारलं. म्हटलं, उकडलेल्या बटाट्यांसमोर बसून. पप्पांचे उपकार इथे रोज आठवतात बघ.

पण घोडं पेंड खातंय तेही पप्पांपाशीच. नोहाच्या जलप्रलयाची गोष्ट एका पाटीवरही आहे आणि ती मोशेने शास्त्र लिहिलं त्याच्याही आधीची असावी, असं मी त्यांना जानेवारीत लिहिलं. त्यानंतर आणखी दोन पत्रं टाकली. उत्तर एकाचंही नाही. ते चर्चच्या मंडळीचे पंच, आणि पोटची पोरच शास्त्राला खोटं पाडायला निघाली, असं त्यांना वाटलं असणार. मला तसं मुळीच वाटत नाही ग. पण त्यांना दुखवून मला हे शिक्षण नको. गावच्या शाळेत बाईंची जागा रिकामी आहे, होकार ईस्टरच्या आत द्यायचा आहे. तू जरा त्यांचा कानोसा घे.

एक फजिती सांगते. पाणी थांबल्यावर पाटीवरचा माणूस तारवाची खिडकी उघडतो. पुढची ओळ झिजलेली होती. मी बायबलातल्या नोहासारखं बेधडक लिहिलं, त्याने वेदी बांधून आभार मानले. मास्तरांनी लाल शाईने शेरा मारला, "बाई, वेदी पुढे आहे. तुमच्या नोहाला फार घाई. हा माणूस आधी खाली बसतो आणि रडतो." सगळे हसले, मीही हसले. आपल्या घरातल्या कुणीही तेच लिहिलं असतं, हो ना?

लोभ असू दे, आणि बोलसही.

तुझी तानेके

औडेडाइक,
१५ मार्च १९७१

चि. तानेकेस आत्याचे आशीर्वाद.

कानोसा घे म्हणालीस, मी ढोलच बडवला. काल उपासनेनंतर तुझा बाप क्राइन नेहमीसारखा माझ्याकडे कॉफीला आला. आडून आडून विचारणं मला कधी जमलंय? तुझं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. बटाट्यांचं ऐकून मिशीत हसला. शाळेच्या जागेचं आलं तेव्हा खाली बशीकडे बघत राहिला. लाल शाईचं वाचताना मला हसू आवरेना, आणि मान वर करते तर क्राइन उभा. कॉफी अर्धी टाकली, टोपी खुंटीवर विसरला आणि सरळ समुद्राच्या बांधाकडे चालू लागला. रविवारचा दिवस, डोकं बोडकं! समोरच्या बाईंनी पडदा सरकवून पोटभर बघून घेतलं.

मीच घोटाळा केला ग बाई. तो भाग गाळायला हवा होता. पण एक सांगते. मागे मारिनस पंचांनी त्याला तुझ्यावरून टोकलं होतं. तेव्हा हा म्हणाला की पोर अभ्यास करते, चोऱ्या करत नाही. हे मला पंचांच्या बायकोकडून कळलं. तुझा बाप बीटाच्या पिकावर दोन पानं लिहील, पण मनातलं विचारलं की तोंडाला कुलूप. तू रडत बसू नकोस, आणि शाळेला इतक्यात काही कळवू नकोस.

लोभ आहेच. तो मी अर्धा टाकत नाही, कॉफीही टाकत नाही.

पीतरनेला आत्या

लायडन,
२० मार्च १९७१

ती. पप्पांना तानेकेचा आदराने नमस्कार.

आत्याचं पत्र मिळालं. तुम्ही कॉफी टाकून गेलात हे वाचून मला दुसरं काही सुचेना. तुमच्या दुःखावर शिकून मी मोठी होणार नाही. तुम्ही हे शिक्षण नको म्हणालात तर शाळेला होकार देते, मनापासून देते. तुम्ही आम्हाला बायबलातल्या वंशावळीतलं एक नावही गाळू दिलं नाहीत, म्हणून मला हे जग आवडलं. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, इथे राहिले तरी आणि परत आले तरी.

फक्त दोन ओळी लिहा.

तुमची तानेके

औडेडाइक,
२८ मार्च १९७१

चि. तानेकेस बापाचा आशीर्वाद.

शाळेला नकार कळव. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको.

मी रागावलो नव्हतो. आधी कोण, मोशे की पाटी, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. चूक माझी.

त्रेपन्न साली समुद्र बांध फोडून गावात शिरला, त्या पुरात तू तीन वर्षांची होतीस, माळ्यावर आईच्या शालीत झोपलेली. उजाडल्यावर मी छपराची खिडकी उघडली. समोर आपल्या शेजारच्या आद्रियानचं घर नव्हतं. तो, त्याची बायको, दोन्ही मुली, कुणीच नाही. आदल्याच दिवशी तो माझं फावडं परत द्यायला आला होता. मी तिथेच बसलो आणि रडलो. माझी सगळी माणसं माझ्या पाठीशी जिवंत होती, तरी रडलो. आठवड्याने मंडळीत मला उपकारस्तुतीची प्रार्थना करायला सांगितली. मी केली, शब्द बरोबर होते. पण तेव्हापासून मी स्वतःला कृतघ्न समजत आलो. नोहा तारवातून उतरला आणि त्याने वेदी बांधली. तो रडला असं कुठे लिहिलेलं नाही. मी अठरा वर्षं शोधलं.

आणि पीतरनेलाच्या स्वयंपाकघरात ऐकलं की एकजण आधी रडला, वेदी मग. तो मूर्तिपूजक होता, असू दे. परमेश्वराने ती पाटी हजारो वर्षं मातीत सांभाळली आणि वाचायला माझीच लेक धाडली. मी बांधावर आद्रियानच्या जागेसमोर उभा राहिलो आणि आभार मानले. रडत मानले.

शुक्रवारी पंचांच्या बैठकीत हे सगळं सांगितलं. मग मारिनस म्हणाला, "क्राइन, मी तर त्या सकाळी खिडकीच उघडली नाही."

तू शिक. आणखी कुणाकुणाचं रडणं त्या मातीत पडून असेल, ते वाचायला कुणीतरी हवं.

लोभ होताच, आता लिहूनही कळवत जाईन.

तुझा पप्पा